मोकळी मनगटं

कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात मी नर्स आहे. आलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारतो, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मला क्वचितच भेटला. तालमीतला गडी हाड मोडलं तरी "काय न्हाय, जरा ठणकतंय की" म्हणतो, आणि एखादा नुसत्या खरचटण्यानं दवाखाना डोक्यावर घेतो. त्यातून खरं दुखणं ओळखायचं, डॉक्टरांना गाठायचं, त्यांनी सांगितल्याशिवाय इंजेक्शनला हात लावायचा नाही, आणि तोवर नातेवाइकांच्या शिव्या आम्हीच खायच्या. शिव्यांचं मला काही वाटत नाही. समोर माणूस तळमळतोय आणि आपण नुसतं उभं राहायचं, हे मात्र सोसत नाही. औषधांच्या कपाटावर अंबाबाईचा फोटो आहे. ड्युटीवर चढताना तिला हात जोडायची माझी सवय त्या हिवाळ्यात सुटत चालली होती. सगळं बघत बसतेस आणि करत काहीच नाहीस, असा राग धरून मी फोटोखालून जायचे.

गुऱ्हाळांचे दिवस होते. भर दुपारी सीमेकडची एक बाई आणली. चरकात ऊस सारताना तिच्या उजव्या हाताची बोटं आत ओढली गेली होती. गुऱ्हाळावरची माणसं तिला आमच्या स्वाधीन करून तिच्या नवऱ्याला आणायला गेली. तिला फक्त कानडी येत होतं. डॉक्टरांनी वेदना कमी करायचं इंजेक्शन द्यायला लावलं आणि ते एका जीपच्या अपघातातल्या जखमींकडे धावले. इंजेक्शनानं तिचं दुखणं थांबलं नाही. हाताची सूज मनगटावर चढत होती आणि तिथल्या घट्ट काचेच्या बांगड्या मांसात रुतत चालल्या होत्या. रक्तदाब उतरल्यामुळे आणखी औषध देता येत नव्हतं. बांगड्या ताबडतोब काढल्या नाहीत तर उरलासुरला हातही जाणार, हे मला दिसत होतं.

मी पक्कड घेऊन जवळ गेले की ती तो चिरडलेला हात छातीशी ओढायची. त्या ओढण्यानं होणारं दुखणं बघवत नव्हतं. ती किंचाळायची, मग एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणायची. मला कळेना. मी हातवारे केले, समजावलं, शेवटी ओरडलेसुद्धा. दोघींनी धरून जबरदस्तीनं काढाव्यात, तर अशा हाताशी झटापट करायची कशी? मी कपाटावरच्या अंबाबाईकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, माझ्याच्यानं होत नाही आता. तुझं तू बघ. त्यात भक्ती फारशी नव्हती, मी हरले होते.

पलीकडच्या खाटेवर चादरीखाली एक मृतदेह होता. कागलकडचा माणूस, शेतात छातीत कळ येऊन गेलेला. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती रडली नव्हती. पोलिसांचे कागद व्हायची वाट बघत ती स्टुलावर बसून होती. ती उठून आमच्याकडे आली.

"शिस्टर, ती काय म्हणतीया ठावं हाय का?" तिनं विचारलं. "डाव्या हातातल्या चरकापाशी फुटल्या म्हणं. ह्या एवढ्याच ऱ्हायल्यात. मालक जित्ता हाय, दोन्ही हात मोकळं कसं ठेवू म्हणतीया."

मग तिनं स्वतःच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या, हात दाबून दाबून, एकेक करून उतरवल्या. मी तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "माझ्या सांजच्याला फोडणारच हाईत की. हिच्या हातात ऱ्हाऊ द्यात."

त्या बांगड्या तिनं बाईच्या डाव्या हातात चढवल्या आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून कानडीत बोलत राहिली. बाईचा उजवा हात सैल पडला. काचेखाली पट्टी सरकवून मी एकेक बांगडी फोडली. रुतलेली शेवटची निघाली तेव्हा ती किंचाळायची थांबली, नुसती कण्हायला लागली. मग तिनं पलीकडच्या खाटेकडे मान करून काहीतरी विचारलं. कागलची बाई म्हणाली, "मलग्यार." म्हणजे झोपलेत. एवढं कानडी मला येतं.

थोड्या वेळानं कागलच्या बाईचे दीर आले आणि तिच्या नवऱ्याला घेऊन गेले. त्यांच्यामागून चालताना ती पदर हातांवर ओढून घेत होती. तिचं नावही विचारायचं राहिलं. गुऱ्हाळावरच्या बाईचा हात वाचला, बोटं वाचली नाहीत.

देवीनं त्या कागलच्या बाईला धाडलं का, हे मला सांगता येणार नाही. आधीच एवढं ओझं असलेल्या बाईलाच तिनं का उठवावं, हा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. आजही दुखणं माझ्या आवाक्याबाहेर जातं, डॉक्टर सापडत नाहीत, शिव्या मिळतात. पण आता मी माझ्या हातानं होईल तेवढं करते आणि उरलेलं मुकाट्यानं देवीच्या पायाशी ठेवते. सुटी असली की महाद्वारातून आत जाते, रांगेत उभी राहते, ओटी भरते. गाभाऱ्यात अंबाबाई दागिन्यांनी, हिरव्या चुड्यानं मढलेली असते. मी डोळे मिटून हात जोडते, आणि मला दिसतात ती पदराखाली झाकलेली दोन मोकळी मनगटं. माझा नमस्कार त्यांनाच पोचतो.