नायकला मोकळं कोणी केलं?

मी लॅबवाली बाई. आष्ट्यात माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे आणि माझं सगळं आयुष्य "रिपोर्टमध्ये काय आलं?" या एका प्रश्नावर चालतं. त्यामुळे इथे लोक भुतांच्या गोष्टींत लिहितात त्या पांढऱ्या साडीतल्या बाया आणि पिंपळाखालचे आवाज मी भाजी निवडता निवडता वाचते आणि हसते. खोटं कशाला सांगू? कुणाला राग आला तर येऊ दे. पण गेल्या वर्षी माहेरी जे घडलं त्याचा रिपोर्ट मला अजून काढता आलेला नाही... म्हणून आज हसायचं सोडून लिहायला बसलेय.

माहेर औंधजवळ. गावाचं नाव नको, आधीच भावकीत आमची पुरेशी चर्चा झाली आहे. औंधकडून येताना ओढा ओलांडला की डाव्या हाताला पहिलंच स्लॅबचं घर आमचं. पुढे मोठं अंगण, कडेला गोठा, दारासमोर सिमेंटची पाण्याची टाकी. टाकीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला शेतांच्या वर यमाईचा डोंगर दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे वडील, अण्णा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि घरी येऊन त्यांच्या लक्षात आलं की इथे त्यांचं कुणीच ऐकत नाही. आई ऐकायची नाही, धाकटा भाऊ संजय ऐकायचा नाही, माझं तर तेव्हा लग्नच झालेलं. मग एकदा लोणंदच्या बाजारातून येताना एका मेंढपाळाकडून त्यांनी तांबूस रंगाचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं — नायक, म्हणजे फौजेतला हवालदाराच्या खालचा हुद्दा. का, तर "हवालदाराच्या हाताखाली नायक पायजेच की!"

आणि खरं सांगते, त्या कुत्र्याइतका शिस्तीचा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही. रोज सकाळी अण्णा टाकीजवळ उभे राहायचे, नायक समोर बसायचा आणि परेड सुरू. सावधान म्हटलं की कान ताठ. विश्राम म्हटलं की पंजे पुढे टाकून आडवा. पण खास आयटम म्हणजे "दाहिनेऽऽ देख!" नायक मान उजवीकडे वळवायचा आणि डोळे डोंगरावर लावून बसायचा, यमाईला सलामी! "सामनेऽऽ देख!" म्हणेपर्यंत मान हलायची नाही, समोरून मांजर गेलं तरी. एकदा सलामी देऊन अण्णा फोनवर बोलत बसले आणि विसरले. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली, "आवं, मुकं जनावर हाय त्ये! आदी मोकळं करा त्येला, मग काय बोलायचं त्ये बोला!"

माहेरी आलं की माझी पोरं आधी परेड बघायला मागायची. आता ते आठवलं की अण्णांचा तो आवाज... पहिला शब्द लांब ताणलेला आणि दुसरा चाबकासारखा. माझ्याकडे त्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. नातवंडांचे ढीगभर व्हिडिओ काढले, त्यात अण्णा कुठेतरी कडेला उभे आहेत, पण गप्प.

अण्णा गेले तेही त्याच अंगणात, तीन वर्षांपूर्वी. सकाळची परेड चालली होती, "दाहिने देख" दिलं आणि टाकीला धरून खाली बसले. हार्ट अटॅक. आई पायरीवरून बघत होती. लोक धावले, आरडाओरडा झाला, आणि नायक मान वळवून डोंगराकडे बघत बसलेला. शेवटी संजयने त्याला उचलून गोठ्यात नेऊन बांधला.

त्यानंतर परेड बंद झाली. आई त्याला जेवायला बोलवायची तेही "बाळा" म्हणून. तो हळूहळू म्हातारा झाला, तोंडावर पांढरा झाला, दुपारभर टाकीच्या सावलीत झोपायला लागला.

गेल्या वर्षी पौषात यमाईच्या यात्रेला मी गावी गेले होते. सकाळी चहा घेत होते तोवर बाहेरून आईची हाक — "आगं, भाईर ये! नायक सलामी देतुया बघ!"

बाहेर गेले. नायक टाकीसमोर बसलेला, मान उजवीकडे. इतक्या दिवसांनी! संजयने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या मागोमाग अर्धी गल्ली आली. काकूंनी डोंगराकडे बघून हात जोडले, "जत्रा आली न्हवं, मुक्या जिवाला बी कळतंय गं." आई पदराने डोळे पुसत हसत होती. मी पण हसले. म्हटलं, फौजी माणसाचं कुत्रं, रिटायर झालं तरी सवय जात नाही.

तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अजून आहे. त्यात आम्ही सगळे हसतोय आणि एक कुत्रा मरणाच्या दारात बसलाय.

कारण मग मी जवळ जाऊन खाली बसले. मान वळलेली नव्हतीच, कललेली होती. उजवा कान जड झाल्यासारखा खाली. आणि डोळे... सलामीत दोन्ही डोळे डोंगराकडे जायचे. इथे डावा डोळा सरळ माझ्यावर होता आणि उजवा खाली बाहेरच्या कोपऱ्यात घसरलेला. बुबुळ बारीक थरथरत होतं. मी हाक मारली तसा तो उठायला गेला आणि उजव्या अंगावर कोसळला.

"संज्या, फोन बंद कर आणि डॉक्टर बोलाव!" मी ओरडले.

जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या तोवर दुपार झाली. तरुण बाई, पण हात फार सराईत. डोळ्यात टॉर्च मारला, पंजे उलटे करून ठेवून पाहिले. म्हणाल्या, "दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत, मान कललीय, तोल एकाच बाजूला जातोय. म्हाताऱ्या कुत्र्यांना कानाच्या आतल्या त्रासानेही असं होतं, पण याचा उजवा पंजा पण साथ देत नाहीये. मला हा स्ट्रोक वाटतोय."

संजय म्हणाला, "कुत्र्याला बी येतो व्हय स्ट्रोक?"

"मेंदू आहे म्हटल्यावर येणारच की."

(तुमच्या घरी कुत्रं असेल तर एवढं कराच. एक डोळा अचानक घसरलेला दिसला, मान कलली, तर फोटो काढत बसू नका, डॉक्टर गाठा.)

नायकला पडवीत पोत्यावर निजवला. औषधं सुरू केली. पण तो काही खाईना. दूध नाही, भाकरी नाही, मटणाचा रस्सासुद्धा नाही. मी लॅबमधल्यासारखी सिरिंज घेऊन ग्लुकोजचं पाणी गालात सोडायचे, ते बाहेर यायचं. उजवा डोळा तसाच कोपऱ्यात अडकलेला. मी आष्ट्याला जायचं लांबवत राहिले आणि तो रोज थोडा थोडा आटत गेला. शेवटी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, त्याचे हाल थांबवायचे असतील तर एक इंजेक्शन असतं... तुम्ही ठरवा.

मी लगेच हो म्हटलं. आईने ऐकलं आणि ती नायकच्या पुढ्यात बसली.

"त्येंनी हुकूम दिला आन् मोकळं करायचं ऱ्हायलं. त्यो अडाकलाय गं त्यात. असा अडाकल्याला मी न्हाई धाडायची त्येला."

"आई, दोन वर्षं तो जेवला, भुंकला, काकूंच्या कोंबड्यांच्या मागे धावला! तेव्हा नव्हता अडकलेला?"

"तवा त्येचं त्यो निभावत हुता. आता थकला."

मग तिच्या समाधानासाठी आम्ही तेही केलं. संजयने टाकीजवळ उभं राहून "सामने देख" म्हटलं. मी म्हटलं. नायकने कानसुद्धा हलवला नाही. अण्णांशिवाय कुणाचा हुकूम त्याने कधी ऐकलाच नव्हता. आईला म्हटलं तू म्हणून बघ, तर तिने मान हलवली. "मला न्हाई जमायचं त्येंच्यासारकं." फौजेतल्या हिंदीतला एक शब्द तिने जन्मात उच्चारलेला नाही, लाजते. मग ती उठली आणि आत गेली. मी त्यालाच होकार समजले आणि मॅडमना फोन केला. त्या दुपारी येते म्हणाल्या.

आता जे घडलं ते घडलं तसं सांगते. लख्ख ऊन पडलं होतं. मी पडवीत नायकचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि, काय सांगू, रडत होते. अण्णांच्या हाताखालचा शेवटचा माणूस चालला होता. संजय गोठ्यात होता. आई आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता.

आणि माझ्या मागून आई म्हणाली, "सामनी देक."

आईच. तिचा आवाज, तिचा उच्चार. मला वाटलं, बिचारी धीर करून म्हणतेय. मी वळले नाही, कारण माझ्या हाताखाली नायकची मान ताठ झाली होती. उजवा डोळा कोपऱ्यातून सरकत सरकत मध्ये आला आणि डाव्या डोळ्याशेजारी थांबला. बुबुळाची थरथर थांबली. दोन्ही डोळ्यांनी तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

मी वळले. मागे कुणी नव्हतं.

आई आतून धावत आली, दोन्ही हात पिठाने भरलेले. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "आलं का गं त्ये? ह्यांचा आवाज आला! सामनेऽऽ देख म्हनलं! तू ऐकलास न्हवं?"

तेवढ्यात गोठ्यातून संजय आला. "ताई, कशाला ओरडलीस? सामने देख म्हनून कवाच दमलोय आपण, सोड की आता."

मी तोंडही उघडलं नव्हतं. आईनेही नाही.

मॅडम आल्या तेव्हा नायक ताटलीतलं दूध चाटत होता. त्यांनी डोळे पुन्हा पुन्हा तपासले आणि बॅग बंद केली. "डोळे सरळ होतात कधीकधी," त्या म्हणाल्या, "पण हळूहळू, दिवसादिवसाने. असं एका झटक्यात झालेलं मी पाहिलं नाही."

डोळ्याचं मी एकवेळ मान्य करेन. मेंदू सावरला, वेळ जुळली, संपलं. पण तो आवाज? एकाच नमुन्याचे तीन रिपोर्ट वेगळे आले तर मी मशीनला दोष देते. इथे मशीन म्हणजे आम्ही तिघं. आईने अण्णांना ऐकलं, मी आईला, संजयने मला. शब्द तिघांचेही तेच. शब्दही वेगळे आले असते तर भास म्हणून सोडून दिलं असतं. कितीतरी वेळा आम्ही तिघांनी बसून विचार केला आणि दर वेळी चहा गार झाला.

मला एकाच गोष्टीचा राग येतो, आणि कुणावर काढावा कळत नाही. अण्णांचा आवाज आईला मिळाला. मी तर पडवीत, सगळ्यात जवळ होते. मला का नाही?

नायक त्यानंतर कलत्या मानेने का होईना, पावसाळा संपेपर्यंत जगला. मग एके दिवशी आईचा फोन आला, "ये, चाललाय त्यो." मी पोचले तेव्हा तो अंगणात उन्हात पडला होता, शांत, डोळे सरळ. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, संजय शेजारी बसला होता. मी मात्र कान देऊन बसले. माझ्यासारखी बाई, जी अशा गोष्टींना हसते, श्वास रोखून ऐकत होती. टाकीचा नळ ठिबकत होता, तेवढंच. नायकचा श्वास थांबला तरी मी तशीच बसून राहिले, आणि मग सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं,

"अण्णा, बोला की..."

कुणी हसलं नाही. आईने माझा हात हातात घेतला.