मामांची उंच झाडं

सफरचंद खाणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण सफरचंदाची काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामांना जेवायला बोलावलं की डेट्रॉईटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी यजमानीणबाई आधी टेबलावरची फळांची परडी कपाटात ठेवतात. ठेवायची राहिली, तर मामा कोट काढायच्या आधी परडीकडे जातात, एक सफरचंद उचलून कानाशी धरून टिचकी मारतात, आणि खिशातून गोडी मोजायची एक वीतभर नळी काढून तिच्यावर रसाचा थेंब पाडतात. मग नळी उजेडाकडे धरून ते एक डोळा मिटतात. "हे गेल्या वर्षीच्या तोडणीचं आहे," मामा जाहीर करतात. "गार कोठारात झोपवून ठेवलं होतं बिचाऱ्याला. आता उठलंय, पण अंगात काही राहिलं नाही." आमच्या घरच्या सत्यनारायणाला तर त्यांनी चौथा अध्याय चालू असताना चौरंगावरचं एक सफरचंद हळूच उचलून बाजूला ठेवलं. गुरुजी थांबले. "चालू द्या, चालू द्या," मामा म्हणाले, "हे आतून गेलंय. देवाला काऊन त्रास?"

मामा मूळचे अमरावतीचे. डेट्रॉईटकडे मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे कुठलीही गोष्ट बिघडेल कशी हे आधी पाहायचं आणि चालेल कशी हे मागाहून, अशी त्यांची नजरच बनली आहे. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक फ्लोरिडात गेले. मामांनी आमच्यापासून सव्वादोन तासांवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वीस एकरांची बाग घेतली. त्या शेतकऱ्याची दोन्ही मुलं टेक्सासला होती आणि दोघांनीही बाग नको म्हणून सांगितलं होतं. मामींनी विरोध केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मला झाडावर चढायला सांगू नका." ही अट साधी नव्हती, कारण झाडं जुनी, ऐसपैस आणि तीन पुरुष उंच होती. सफरचंदांत रेड डिलिशस आणि 'ॲपल पाय'साठी नावाजलेली नॉर्दर्न स्पाय, आणि कुंपणाच्या कडेने पेअरची, म्हणजे नासपतीची, एक रांग. मामा त्या झाडांखाली पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा मी बरोबर होतो. ते वर बघत म्हणाले, "जावईबापू, याला म्हणतात झाड."

पेअरने मात्र आम्हा सगळ्यांचं जिणं कठीण केलं. पेअर झाडावर पिकत नाही, पिकू दिलं तर आतून सडतं. ते टणक असतानाच उतरवायचं, काही दिवस गार ठेवायचं आणि मग बाहेर काढून पिकू द्यायचं. मामांच्या मते ही सरळ आपली आंब्याची अढी होती आणि अमेरिकेला ती कळत नसल्यामुळेच इथे लोक पेअर खाईनासे झाले होते. "दुकानातून दगड आणतात, दगड चावतात, आणि म्हणतात पेअर वाईट," ते म्हणायचे. म्हणून सप्टेंबरात ते ओळखीच्या प्रत्येक मराठी घरी एकेक खोकं पोचवायचे आणि मग रोज सकाळी फोन करून चौकशी करायचे. देठाजवळची मान अंगठ्याने दाबायची. मान मऊ लागली तर त्याच दिवशी खायचं, दुसऱ्या दिवशी नाही. एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन चुकून स्पीकरवर लागला आणि मामांचा आवाज खोलीभर घुमला, "मान दाबली का? नाही? मग आज दाब, उद्या उशीर होईल!" बाकीच्यांना काही कळलं नाही, पण माझ्या टीममधला पुण्याचा मुलगा दोन दिवस मला बिचकून होता.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण बाग म्हणजे मामांचा रिटायरमेंटचा छंद, असं आम्ही धरून चाललो होतो. ते तसं नाही हे मला एका मे महिन्यात कळलं. झाडं फुलांनी पांढरी झाली होती आणि आदल्या रात्री अचानक कडाका पडला होता. मी आणि बायको शनिवारी सकाळी पोचलो तर मामा झाडाखाली स्टुलावर बसून ब्लेडने एकेक फूल उभं चिरत होते. त्यांनी मलाही एक ब्लेड दिलं. फुलाच्या पोटात हिरवं दिसलं तर फूल जिवंत, काळा ठिपका दिसला तर मेलेलं. बाहेरून दोन्ही सारखीच सुंदर. आम्ही तासभर फुलं चिरली. काळी एका बाजूला, हिरवी एका बाजूला. काळ्यांचा ढीग मोठा होत गेला तसे मामा बोलायचे थांबले. शेवटी ब्लेड पुसून खिशात टाकत म्हणाले, "आता थंडी आधी जाते, झाडं भुलतात, फुलतात, आणि मग थंडी परत येते. ब्रेकचं बरं होतं. फेल झाला तर का झाला ते कळायचं, दुरुस्त करता यायचं."

पुढच्या वर्षी कडाका पडला नाही आणि झाडं फळांनी वाकली. मामा खुशीत होते. तोडणीला दर वर्षी मेक्सिकोहून बारा माणसांची टोळी यायची, हंगामी व्हिसावर. तिचा मुकादम रमोन ही बाग मामांच्या आधीपासून ओळखत होता; कुठल्या झाडाची कुठली फांदी शिडीला दगा देते हे त्याला पाठ होतं. त्या वर्षी टोळीचे कागद कुठेतरी अडकले. रोज "उद्या कळेल" असं उत्तर यायचं. फळ तयार होऊन गळायला लागलं. मामांनी आमच्या मराठी ग्रुपवर निरोप टाकला, "माझी माणसं व्हिसामुळे अडकली आहेत. तुम्हाला जास्त सांगायला नको."

खरंच नको होतं. आमच्यातली निम्मी मंडळी वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी. शनिवारी सकाळी चाळीस माणसं बागेत हजर झाली. डब्यात पराठे, डोक्यावर टोप्या, सनस्क्रीनने चेहरे पांढरेफटक. मामांनी फळा आणून त्यावर आकृती काढली. "सफरचंद ओढायचं नाही. तळव्यात घेऊन वर उचलायचं, ते आपणहून सुटतं. देठाशी पुढल्या वर्षीच्या कळीचा डोळा असतो. तो मोडला तर पुढल्या वर्षीचं फळ गेलं. आणि पेटीत टाकायचं नाही, ठेवायचं. अंडं समजून ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांत पेट्यांमधून धप्प धप्प आवाज यायला लागले. मामा या झाडाकडून त्या झाडाकडे धावत होते, "अंडं, बाप्पा, अंडं!" आमच्यातले एक डेटाबेसवाले शिडीच्या चौथ्या पायरीवर गेले आणि त्यांना खाली उतरवायला तिघे लागले. पण संध्याकाळपर्यंत पेट्या भरल्या होत्या. लोक मातीने माखलेले, आनंदात होते. पेट्यांपुढे उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. मामांनी प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानले.

पंधरा दिवसांनी त्या चाळीसही जणांच्या घरी मामा स्वतः येऊन ताज्या ज्यूसची एकेक मोठी बाटली देऊन गेले. "तुमच्या हातच्या सफरचंदांचा आहे," एवढंच म्हणाले. लोकांना फार कौतुक वाटलं. दिवाळीत मी मामींना म्हटलं, "मामांनी एवढा ज्यूस कशाला काढून घेतला?" मामींनी इकडेतिकडे पाहिलं. "सगळ्या सफरचंदांचा ज्यूसच काढावा लागला रे. पॅकिंगवाल्यांनी एकेक पेटी परत केली. वरून छान दिसत होती, पण आत सगळ्यांना मुका मार. कुणाला सांगू नकोस. यांनी मला शपथ घातलीय."

रमोनची टोळी दहा दिवस उशिरा पोचली आणि उरलेलं फळ तिने उतरवलं. जाण्याआधी रमोन आमच्या मंडळींनी तोडलेल्या झाडांखालून फिरला. मोडके डोळे जमिनीवर पडलेच होते. त्याने एक उचलून विचारलं, "हे कुणी केलं?" मामा म्हणाले, "माझ्या घरच्यांनी." रमोन हसला नाही. त्याने टोपी काढली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की पुढच्या वर्षी तो बहुधा येणार नाही. शेजारच्या बागांत आता झाडं बुटकी आहेत, तारेवर बांधलेली. माणूस जमिनीवर उभा राहून तोडतो. इथे शिडी लागते, शिडीला तरणी माणसं लागतात, आणि त्याच्या टोळीत तरणं आता कुणी उरलं नाही. त्याचा स्वतःचा मुलगा शिकतो आहे, तो सफरचंदं तोडणार नाही. "आणि तोडूही नयेत," तो म्हणाला.

मामांची मुलगी ईशा ॲन आर्बरला कॅमेऱ्याने वस्तू ओळखणारी यंत्रं बनवते. ती इथेच जन्मली. मामा मराठीत बोलतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं भांडण दोन भाषांत सुरळीत चालतं. ती दोन वर्षांपासून तेच सांगत होती. रमोन गेला त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तिने पुन्हा सांगितलं, "बाबा, द ट्रीज आर टू टॉल. इट्स द लॅडर. ह्यूमन ऑर रोबॉट, नोबडी कॅन पिक धिस."

"ही झाडं माझ्याहून जुनी आहेत."

"आय नो."

"तारेवर बांधलेली ती काय झाडं आहेत का? टमाट्याचे वेल दिसतात."

"बाबा," ईशा म्हणाली, "डू यू वॉन्ट ट्रीज, ऑर डू यू वॉन्ट ॲपल्स?"

मामा ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. मामींनी ताक वाढलं, ते तसंच राहिलं. मग मामांच्याच होकाराने नोव्हेंबरात झाडं पाडायचं यंत्र आलं. मला वाटलं होतं मामा त्या दिवशी घरात बसतील, पण ते सकाळपासून मफलर गुंडाळून बागेत उभे होते. प्रत्येक झाड पडायच्या आधी हात वर करून यंत्र थांबवायचे, जवळ जाऊन खोडावरच्या जुन्या छाटणीच्या खुणा बघायचे, मग मागे सरून मान हलवायचे. चालवणारा तरुण गोरा मुलगा होता. त्याने एकदाही घाई केली नाही. संध्याकाळी मामा म्हणाले, "मुळं किती उथळ होती, पाहिलंत? एवढं मोठं झाड, आणि मुळं एवढी वर." पेअरची रांग तेवढी त्यांनी ठेवली, आणि ईशानेही त्यावर वाद घातला नाही.

निम्म्या जमिनीवर आता तारा ताणल्या आहेत आणि त्यांना काठीएवढी रोपं बांधली आहेत. मागच्या हंगामात त्यांना पहिली फळं आली. रमोन आला, आणि बारांऐवजी पाच माणसांत काम झालं. ईशा दर शुक्रवारी संध्याकाळी येते आणि रविवारी जाते. मामांचे गुडघे आता दुखतात, म्हणून ते ओळींमधून गाडीवर बसून फिरतात आणि दोन्ही बाजूंच्या रोपांना सूचना देतात.

उरलेल्या निम्म्या जमिनीसाठी ईशाला एक नवी जात हवी आहे. उशिरा फुलणारी, म्हणजे मे महिन्यातल्या थंडीत सापडणार नाही अशी. या जानेवारीत आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा मामा रोपवाटिकेशी फोनवर बोलत होते. पलीकडच्या बाईने सांगितलं, की या जातीला फार मागणी आहे, आज नोंदवलं तर रोपं तीन वर्षांनी वसंतात मिळतील. चालेल का? मामांनी फोन जरा कानापासून लांब धरला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या ईशाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "पाठवा. उतरवून घ्यायला कुणीतरी असेल." बाईने नाव विचारलं. मामांनी ईशाचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, सावकाश.

फोन ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर मोकळ्या जमिनीवर बर्फ सपाट पसरलं होतं. ईशाने आपल्या फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं आणि आत निघून गेली.

"तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, जावईबापू," मामा म्हणाले.

"नाहीत," मी म्हटलं.