मिठाच्या पाण्यात थोरली

स्वस्थ बसणं थोरलीच्या स्वभावातच नव्हतं. जेवतानाही तिचा पाय हलायचा आणि झोपेत बोटं चालायची. कापड रंगवण्याच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या बाईचं दुसरं काय होणार? रंगाच्या हौदात कापड सोडायचं, रंग मुरावा म्हणून मीठ टाकायचं आणि लांब दांड्याने ढवळत राहायचं. दांडा थांबला की कापडावर चट्टे उठलेच. थोरलीच्या हौदातून चट्ट्यांचं कापड कधी निघालं नव्हतं, आणि हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

पण आता उजवा खांदा रुसला होता. दांडा जरा फिरवला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मुकादमाने सरळ सांगून टाकलं, "सोमवारी हात चालला तर ठीक. नाहीतर तुम्ही घड्यांच्या खोलीत बसा, हौद धाकटीकडे देतो."

धाकटी म्हणजे तिची जाऊ. राहायची त्याच घरात, त्याच कारखान्यात घड्या घालायची, आणि हौदावर तिचा डोळा आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात ते काही उगाच नाही.

त्याच संध्याकाळी धाकटी खनिज मिठाची पिशवी घेऊन आली.

"औषधाच्या दुकानातून आणलंय, ताई. टबात कोमट पाणी घ्यायचं, दोन ओंजळी टाकायचं आणि खांद्यापर्यंत बुडून निवांत पडायचं. आखडलेलं अंग मोकळं होतं म्हणे."

हौद हिलाच मिळणार, मग माझ्या खांद्याची एवढी काळजी का, असं थोरलीच्या मनात आलं. तोंडाने ती फक्त "ठेव तिकडे" म्हणाली.

टबात बसल्यावर बरं वाटलं. पण निवांत पडायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय? छताचे पोपडे बघून झाले. मग सोमवार आठवला, घड्यांची खोली आठवली. तिथे कापड रंगून, वाळून येतं, आणि ते कुणी रंगवलं हे कुणी विचारत नाही. पाणी निवल्यावर ती उठली तेव्हा खांदा आधीपेक्षा जास्त ठणकत होता.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. रविवारी तिचा बांध फुटला.

"हौद पाहिजे तर सरळ माग! हे असलं मीठ कशाला आणून देतेस?"

धाकटीचा चेहरा उतरला. तिने पाणी तापवलं, टब भरला, मीठ टाकलं. "बसा. आज मी इथेच थांबते."

थोरली परकर छातीशी बांधून पाण्यात उतरली आणि बसल्याबरोबर तिचा उजवा हात निघाला. तळापासून वर, काठाकाठाने, गोल.

"ताई, हात!"

"काय झालं हाताला?"

"अहो, ढवळताय तुम्ही! दुखऱ्या हाताने रोज अख्खा टब ढवळताय. कुणाला रंगवायचंय?"

चोर सापडावा तसं थोरलीने आपल्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताने तो धरून ठेवला. जरा पकड सैल झाली की गडी पुन्हा चालू.

"मिठाचं पाणी नुसतं ठेवलं की जीव वरखाली होतो गं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "ऐकतच नाही हा हात. उद्या काय करू मी?"

धाकटीने स्टूल टबाशी ओढलं, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

"मी ढवळते. तुम्ही पडा."

"काठाला आपटू नकोस. तळापासून उचल... अजून खालून."

मग काढायला चूकच उरली नाही. थोरलीला धाकटीचा रागही आला आणि हायसंही वाटलं. थोरलीचा उजवा हात पाण्यात खाली गेला आणि खालीच राहिला.

"कुठे शिकलीस?"

"घड्यांच्या खोलीच्या दारातून तुमचा हौद दिसतो. इतकी वर्षं तेच तर बघते." धाकटीचा हात थांबला नाही. "हौद मला हवाय, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला उठवून नकोय. आणि मीठ कधी टाकायचं ते तिथून दिसत नाही."

थोरलीने डोळे मिटून घेतले. पाणी हलत होतं, ती हलत नव्हती. खांद्यातली कळ हळूहळू सुटत होती. मग डोळे न उघडताच ती म्हणाली,

"उद्या मुकादमाला मीच सांगते. दांडा तू धर. मीठ मी टाकीन."