दिल्लीत लाटलेली पोळी

माझी आई ठाकुर्लीत ज्या घरी पोळ्या करते, त्या घरची मुलगी माझी मैत्रीण होती. होती, असंच लिहिते. ठाण्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, पदवीचे फोटो एकत्र काढलेले. आमच्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी. माझ्या आईला ती 'मावशी' म्हणायची. दिल्लीत तिची सख्खी मावशी राहते, तिलाही मावशीच. मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तीच म्हणाली, "चल ना गं, शनिवार-रविवार दिल्ली करून येऊ. मावशीकडे राहू. तू तर काहीच बघितलेलं नाहीस." माझी नोकरी नवी होती, तिकीट माझं मी काढलं. आईने एकच मागितलं, लाल किल्ल्यासमोरचा फोटो. पंधरा ऑगस्टला टीव्हीवर झेंडा चढतो तेव्हा ती त्यांच्याच ओट्याशी पीठ मळत असते. तिथून हॉलमधला टीव्ही अर्धाच दिसतो. "पूर्ण कसा दिसतो ते बघून ये," म्हणाली.

शनिवारी कुतुबमिनार झाला, हुमायूनची कबर झाली. सगळीकडे मी तिचे फोटो काढले. "अगं, खाली बसून काढ, पाय लांब दिसायला हवेत." माझा तिने एक काढला, त्यात मिनार नव्हता.

रविवारी लाल किल्ला. सकाळीच आवरून, बूट घालून मी तयार बसले. तिची मावशी आतून आली. "बूट कशाला घातलेस? जेवायला माणसं येणार आहेत, आमची बाई गावी गेलीय. कणीक मळून ठेवलीय मी. तेवढ्या पोळ्या उरक, मग जा भटकायला."

मला चेष्टाच वाटली. "मला येत नाहीत," मी म्हणाले.

मावशी भाचीकडे वळल्या. "तूच फोनवर म्हणालीस ना, पोळ्यांचं टेन्शन घेऊ नकोस, हिला आणतेय म्हणून?"

मैत्रीण पलंगावर पडून कालचे फोटो चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, लाजतेय ती. हिच्या आईच्या पोळ्या खाऊन मोठी झालेय मी. रक्तातच असतं ते."

मला खरंच येत नाहीत. मानपाड्याच्या आमच्या चाळीत आम्ही चपाती म्हणतो, आणि चपातीचं लाटणं फक्त आईच्या हातात. लहानपणी मी पोळपाट ओढला की ती हातावर चापट मारायची. "एकदा हात बसला की लोक तेच काम देतात. तू पेन धर." एवढी घोडी झाली तरी चपाती येत नाही, म्हणून चाळीतल्या बायका तिला टोचून बोलायच्या. ती ताठ मानेने सांगायची, "नाही येत. आणि येणार पण नाही."

पण परक्याचं घर, कालपासून त्यांचंच खाल्लेलं. मी बूट काढले, लाटणं घेतलं. पहिलीच पोळी पोळपाटाला चिकटली, उचलताना फाटली. जोडायला गेले तर एका बाजूला गोळा. तव्यावर टाकली तेव्हा मावशींचे यजमानही बघायला आले. "हा कुठला जिल्हा म्हणायचा?"

मावशी डोळे पुसत हसल्या. "पदवी घेतलीस, आईकडून एवढं नाही घेतलंस?"

मैत्रीण आता मात्र उठली, मोबाईल घेऊन. "थांब थांब, लाटणं तसंच धर. आईला पाठवते. म्हणावं, मावशींना दाखव लेकीचा पराक्रम."

रविवारी त्या वेळेला माझी आई मैत्रिणीच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, ओट्याशी असते. हे तिला माहीत होतं.

मी लाटणं ठेवलं, हात धुतले, बॅग उचलली. "उरलेल्या तू लाट," मी म्हणाले. "तुझ्या रक्तात काय आहे तेही कळेल."

"मस्करी पण कळत नाही का गं तुला?"

मावशींनी गॅस बंद केला आणि माझ्यादेखत भाचीला म्हणाल्या, "तुम्हीच डोक्यावर बसवलंय यांना."

मेट्रोने एकटीच गेले. किल्ल्यासमोर पोचते तोच आईचा फोन. मागे नळाचा आवाज, म्हणजे ती अजून त्यांच्याकडेच.

"बघितला फोटो," आई म्हणाली.

"काकू हसल्या?"

"हसल्या. हसू देत की. फाटली तर फाटली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तू लाटणं धरलंसच कशाला?"

"आई, त्यांच्या घरात होते गं मी."

"आणि मी कुणाच्या घरात असते?"

"ठेवते," ती म्हणाली. "तवा तापलाय."

एका बाईला सांगून फोटो काढून घेतला. किल्ला पूर्ण आला, झेंडाही आला, माझ्या मनगटावर राहिलेलं पीठसुद्धा आलं. आईला पाठवला. तिने बघितल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

परतीच्या गाडीत आमचे बर्थ समोरासमोर होते. कल्याण येईपर्यंत ती मोबाईलमध्ये बघून हसत होती. त्यानंतर मी तिच्याशी बोललेले नाही. आई अजून त्यांच्याकडे जाते, घर दोन पगारांवर चालतं. किल्ला पूर्ण कसा दिसतो, हे तिने मला आजवर विचारलेलं नाही. काकूंच्या मोबाईलमध्ये तिने जी दिल्ली बघितली, तिथे मी लाटणं धरून उभी आहे.