मरीआईच्या नावाचा कोंबडा

द्वारकाबाई जन्मात एकदाच खोटं बोलली, आणि बोलली ती थेट मरीआईच्या नावानं. एरवी बाई सरळ. जवळा बाजारपासून दोन कोसांवर, पूर्णेकाठच्या गावात तिचं एवढंसं घर होतं. नवरा वारून सहा वर्षं झाली होती आणि दीर समोर आला तरी तोंड फिरवून जायचा. पोटाला आधार म्हणजे घरालगतच्या परड्यातल्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा. पिल्लं मोठी झाली की डालग्यात घालून ती बाजाराला न्यायची. त्यावर तिचं वर्ष निघायचं.

कोंबड्याला ती जमादार म्हणायची. लाल मानेचा, छाती काढून चालणारा. गल्लीतल्या बाया त्याच्या नावानं नाकं मुरडायच्या, "अंडं न्हाई, काही न्हाई, फुकट दाणे खाऊन राहिला." बोलणाऱ्यांचं काय जातं! द्वारकाबाईनं कोंबड्यावाचून एक वर्ष काढलं होतं. त्या वर्षी कोंबड्यांनी अंडी दिली, पण उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अकराच्या अकरा नासली. पिल्लू एक नाही. जमादार आला आणि परडं पुन्हा भरलं. आभाळात घार दिसली की तो असा काही ओरडायचा, की कोंबड्या क्षणात कुंपणाखाली. दाणा सापडला की आधी त्यांना बोलवायचा आणि स्वतः बाजूला उभा राहायचा. गल्लीत दुसरा कोंबडाच नव्हता, त्यामुळं नाकं मुरडणाऱ्यांच्या परड्यातली पिल्लंसुद्धा त्याचीच. हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

एकोणीसशे सदतीसच्या चैत्रात कुणी साहेब दौऱ्यावर आला. साहेब आला की गावानं त्याला खाऊ घालायचं, हा निजामाच्या मुलखातला शिरस्ताच. दुपारी साहेबाचा चपराशी गल्लीत शिरला आणि नेमका द्वारकाबाईच्या परड्यात येऊन थांबला.

"हा बराबर हाय," म्हणत तो जमादारावर वाकला.

सात कोंबड्या, अकरा नासकी अंडी, सगळं एकदम द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं आलं. आणि तोंडातून निघून गेलं, "हात लावू नका! मरीआईला सोडलेला हाय त्यो!"

चपराशाचा हात तिथंच थांबला. मरीआईला सोडलेल्या कोंबड्याला हात लावायची छाती कुणाची! पण गडी पोचलेला होता. कुंपणापलीकडं शेजारची शालूबाई उभी होती, तिला त्यानं विचारलं, "खरं का, बाई?"

नवस-बिवस काही नाही, हे शालूबाईला पक्कं ठाऊक होतं. ती द्वारकाबाईकडं बघत राहिली. द्वारकाबाई जमादाराच्या आडवी उभी राहिली होती.

"व्हय," शालूबाई म्हणाली. "सोडलाय."

चपराशानं मान हलवली, कुंपण ओलांडलं आणि शालूबाईचीच सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी काखेत मारून तो निघून गेला. शालूबाई त्या दिवसापासून द्वारकाबाईशी बोलेना. त्यात शालूबाईचं काय चुकलं?

आषाढात नदीपलीकडच्या गावात पटकी आली. दोन दिवसांत चार माणसं गेली. पटकी म्हणजे मरीआईचा कोप, असं गाव मानायचं; आणि द्वारकाबाईनं चपराशाला दिलेलं उत्तर एव्हाना गावभर झालं होतं. पोलीस पाटील व्यंकटराव घरोघर फिरले आणि रविवारी द्वारकाबाईच्या दारात आले.

"द्वारकाबाई, परवा मंगळवार हाय. आईचं जे जे राहिलं, ते समदं चुकतं करायचं. तुमचा कोंबडा पैला."

"पाटील, म्या..." एवढंच ती म्हणाली.

खरं सांगावं, तर चपराशाला फसवल्याचा बोभाटा होणार आणि त्यात शालूबाईही अडकणार. गप्प राहून कोंबडा ठेवावा, तर गावात एखादं लेकरू आजारी पडलं की सगळे हिच्याच दारात येणार. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच भीती वाटत होती. देवीचं नाव घेऊन बोललं, ते देवीनं ऐकलं असेल तर?

मंगळवारी ती जमादाराला काखेत घेऊन लिंबाखालच्या मरीआईच्या ठाण्यावर गेली. त्याचं काळीज तिच्या बरगडीला धडधडत लागत होतं. "आई, तुझ्या नावानं खोटं बोलले," ती मनात म्हणाली. "आता खरं करून घे, पण लेकरांना हात लावू नको." मग तिनं कोंबडा पुढं केला आणि मान फिरवली. वाट्याचा रस्सा घरी आला, तो तिनं तसाच शेजारी दिला.

पटकी नदी ओलांडून आली नाही. देवी पावली, असं गाव म्हणालं.

द्वारकाबाईला आता दिवस मोजायचे होते. कोंबडा गेला तरी पुढं आठवडाभर कोंबड्यांच्या अंड्यांत जीव धरतो, हे तिला माहेरी आईनं शिकवलं होतं. आठवडा गेला की संपलं. तिनं रोजची अंडी राखेत जपून ठेवली. पण तिची एकही कोंबडी खुडूक नव्हती. होती ती शालूबाईची. सातव्या दिवशी ती तिच्या दारात गेली.

"शालू, तुझी कोंबडी दे. अंडी माझी."

"काहून देऊ? तुमच्यापायी माझी चांगली कोंबडी गेली, आक्का."

"निम्मी पिल्लं तुझी."

शालूबाईनं आत जाऊन कोंबडी आणली.

तेरा अंडी ठेवली. आठ दिवसांनी द्वारकाबाईनं दार लावून घेतलं आणि दाराच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात एकेक अंडं धरलं. पहिलं मोकळं, आत काहीच नाही. दुसरं मोकळं. तिसऱ्यात लाल शिरा दिसल्या, जीव धरला होता. तेरातली आठ जिवंत होती. त्यातून पिल्लं निघाली सहा.

तीन इकडं, तीन तिकडं. द्वारकाबाईच्या तिनातलं एक घारीनं नेलं. ओरडायला आता होतं कोण? उरलेल्या दोन्ही कोंबड्या निघाल्या. कोंबडा निघाला एकच, शालूबाईच्या वाट्यातला. लाल मानेचा.

फाल्गुनात तोच चपराशी पुन्हा गल्लीत आला. शालूबाईच्या परड्यात थांबला आणि हसला.

"काय बाई, हा बी मरीआईचाच का?"

कुंपणापलीकडं द्वारकाबाई उभी होती, शालूबाईनं तिच्याकडं पाहिलं. आता साक्ष द्यायची पाळी द्वारकाबाईची होती. एक 'व्हय' म्हटलं की भागलं असतं. पण त्या एका शब्दाची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? ती कुंपण ओलांडून आली आणि तिनं कोंबडा उचलून छातीशी धरला.

"न्हाई. देवीचा न्हाई. शालूचा हाय. आन् आमी देत न्हाई."

"साहेबाला काय सांगू?"

"सांगा, गल्लीत येवढा एकच कोंबडा हाय. आज वरण खावा म्हणावं."

चपराशाचं हसू गेलं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात पलीकडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, मग तिच्या शेजारची. कुणी बोललं नाही, पण कुणी आतही गेलं नाही. चपराशी बघत राहिला, तोंडातल्या तोंडात पुटपुटला आणि वळला.

दिवस मावळेपर्यंत गल्लीचा जीव टांगणीला होता. चावडीकडून पाऊल वाजलं की द्वारकाबाई दचकायची. कुणी आलं नाही. साहेबाच्या ताटात वरण पडलं की दुसऱ्या गल्लीतली कोंबडी, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शालूबाईनं कोंबड्याला हाकत द्वारकाबाईच्या परड्यात आणलं. "दिवसा इथं राहू द्या, आक्का. तुमच्या कोंबड्या वाट बघून राहिल्या."

द्वारकाबाईनं मूठभर ज्वारी टाकली. कोंबड्यानं एक दाणा चोचीत धरला, परत खाली टाकला, कुकुक करून सगळ्या कोंबड्यांना बोलावलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

हे त्याला कुणी शिकवलं होतं? द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि जमादार गेल्यापासून दाबून ठेवलेलं सगळं ती तिथंच बसून रडली.