चष्मेवाल्यांच्या घरचं आकाश

चष्मेवाल्यांच्या दुकानात पाऊल टाकायला लोक जरा बिचकायचे. चष्मा उत्तम मिळायचा, त्याबद्दल वाद नाही. काच घासण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. पण जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक दाराबाहेर पडायचा अवकाश, त्याची नक्कल तयार. मग जेवताना ती घरच्यांपुढे सादर व्हायची. सगळ्यांत गाजलेली नक्कल एका कंत्राटदाराची. मान पुढे काढून, डोळे बारीक करून तो अक्षरांच्या तक्त्याकडे बघायचा आणि वर ठणकावून सांगायचा, "मला दिसतं हो, तुमचा तक्ताच पुसट आहे!" आधी भावंडं, मग मुलं, मग सुना, सगळे या वाक्यावर पोट धरून हसले. बायकोही हसायची, पण वाढता वाढता, खाली बघून.

त्या संध्याकाळी नात चित्राचा कागद घेऊन बसली होती. शाळेत आकाश काढून न्यायचं होतं. आजी तिला मदत करत होती आणि आजोबा पेपर वाचत होते.

"आजोबा, तारे कशावर जळतात?"

"जळत नाहीत गं. जळायला तिथे लाकूडकोळसा कुठे आहे?" आजोबांनी खुशीत पेपर बाजूला ठेवला. "तारा म्हणजे वायूचा भलामोठा गोळा, स्वतःच्याच वजनाखाली दबलेला. पोटात इतका दाब आणि इतकी उष्णता, की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात आणि त्यांचं हेलियम होतं. त्या भानगडीत वस्तुमान किंचित कमी भरतं. जे कमी भरतं ना, त्याचाच पुढे उजेड होतो."

"आणि तो लगेच येतो आपल्याकडे?"

"लगेच कसला! आतल्या गर्दीत धक्के खात पृष्ठभागावर यायलाच हजारो वर्षं. बाहेर पडल्यावर सुसाट सुटतो, तरी आपल्यापर्यंत पोचायला वर्षानुवर्षं. शेवटी डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो, भिंगातून वाकतो आणि मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात टेकतो. टेकला, की दिसला तारा."

आजीने तोवर कागदावर खडूने पाच-सहा मोठाले, कडा विरलेले गोळे काढले होते.

"हे काय, कापसाचे बोळे?" चष्मेवाले खो खो हसले. "अगं, तारे काढायचेत!"

"तारेच आहेत. असेच तर दिसतात," ती म्हणाली. "आणि असतात तरी कितीसे?"

चष्मेवाल्यांचं हसू तोंडातच राहिलं. दुसरं कुणी असतं, तर त्या गोळ्यांवरूनच त्यांनी नंबराचा अंदाज सांगितला असता. इतक्या लांबून आलेला उजेड तिच्या डोळ्यात शिरत होता आणि पडद्याच्या जरासा अलीकडेच एकत्र येऊन पुन्हा फाकत होता. तेवढ्यासाठी एक काच पुरली असती. तसल्या काचा त्यांनी अख्ख्या गावाला घासून दिल्या होत्या.

"पण लग्नानंतर मी तपासले होते तुझे डोळे! शेवटची ओळसुद्धा वाचलीस की!"

"तक्ता रोज मीच पुसायचे ना. पाठ झाला होता."

"अगं, पण का?"

ती खडू डब्यात भरू लागली. "आदल्या रात्रीच तुम्ही त्या कंत्राटदाराची नक्कल केली होती. सगळे हसत होते. म्हटलं, आपली नको."

चष्मेवाल्यांना तोंड कुठे लपवावं कळेना. त्यांना एकेक आठवू लागलं. दारात कुणी आलं, की आवाज ऐकेपर्यंत ती ओळख दाखवायची नाही. रस्त्यापलीकडून त्यांनी हात केला, तरी सरळ पुढे निघून जायची. 'आमच्या राणीसाहेब' म्हणून त्याचीही त्यांनी झकास नक्कल केली होती, तिच्यादेखत. तेव्हाही ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, तक्ता उतरवला आणि हाताने नवी अक्षरं लिहून कागद भिंतीला लावला. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत अंग चोरून बसली. वरची ओळ वाचण्याआधीच म्हणाली, "हसू नका हं."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते एकेक भिंग बदलत राहिले.

काच त्यांनी स्वतः घासली. चष्मा तयार झाला, त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर तिघं गच्चीवर गेली. तिने चष्मा लावला आणि मान वर केली. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एवढे?" ती म्हणाली. "रोज असायचे?"

"रोज," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "माझं चुकलं गं. मी..."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि थेट त्या कंत्राटदाराच्या आवाजात ठणकावलं, "मला दिसायचं हो, तुमचं आकाशच पुसट होतं!"

नात हसून हसून खाली बसली. आजीही हसली आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागली. चष्मेवाल्यांना मात्र मान वर करवेना.