मुख्यालयी राहणारं कुटुंब

बायकोला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण नोकरी तिची होती आणि शहर सोडायची हौस माझी. घोडबंदर रोडला आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. खिडकीतून मेट्रोचे खांब दिसत आणि त्यांच्याकडे बघत मी काही वर्षं ‘आपण इथून निघायला हवं’ असं म्हणत आलो होतो. मित्रांना ते तोंडपाठ झालं होतं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठंही बसून होणारं. मुलगी पहिलीत जायच्या वयाची. आणि बायकोची नेमणूक तलासरी तालुक्यात, पूर्वेकडे डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात. आता न निघायला मला काही सबब उरली नव्हती.

सासूबाईंनी ती लगेच पुरवली. “घर सोडू नका. ती जाऊनयेऊन करेल. सगळेच करतात.”

सगळेच करतात हे खरं होतं. शिक्षकानं शाळेच्याच गावात राहावं, असा नियम आहे. सरकारी भाषेत त्याला मुख्यालयी राहणं म्हणतात. बायको हजर व्हायला गेली तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला बसवून चहा दिला आणि प्रेमानं सांगितलं, “मॅडम, ग्रामसभेच्या ठरावात तुमचं नाव घालून टाकलंय. तुम्ही आता गावातच राहता. फक्त घर कुठं घ्यायचं तेवढं बघा.” ते स्वतःही ठरावाप्रमाणे गावातच राहत होते, डहाणू स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर. शाळेचे सगळे शिक्षक रोज सकाळी डहाणूहून एकाच इको गाडीतून आपल्या राहत्या गावी यायचे आणि शाळा सुटली की त्याच गाडीनं परत जायचे. माणसं वाईट नव्हती. उलट, इतकी सोय करून ठेवल्यावर आम्ही घर शोधत फिरतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

उन्हाळ्यापर्यंत बायको डहाणूत दोन शिक्षिकांच्या खोलीत पाहुणी म्हणून राहिली. शनिवारी घरी यायची. मुलगी आठवडाभर माझ्याशी चांगली वागायची आणि शनिवारी आईशी भांडायची. दारातून आत आलेल्या आईला ‘तू का आलीस’ असं विचारायची आणि मग तिच्या ओढणीचं टोक धरून झोपायची. हे फार दिवस चालू द्यायचं नाही, एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं. मग रविवारी आम्ही तिघं घर बघायला निघू लागलो.

पहिला नंबर घोलवडचा, कारण मला चिकूच्या झाडाखाली बसून काम करायचं होतं. वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, कौलारू, पुढं ओटा. मी ओट्यावर बसूनही पाहिलं. मालक हसतमुख गृहस्थ होते आणि मराठीतून गुजरातीत कधी जायचे ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

“शांत आहे ना?” मी विचारलं.

“एकदम शांत. फक्त सीझनमधे पहाटे पॅकिंग चालते, ने ट्रक लागते, ने माणसं थोडी बोलते.”

“सीझन कधी असतो?”

“आखुं वरस,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. चिकूला वर्षभर फळ येतं हे मला ठाऊक होतं, पण त्याचा आवाजही वर्षभर येत असेल हे लक्षात आलं नव्हतं. तरी मी वर पानांकडे बघत ‘बघा, किती सावली आहे’ असं म्हणत राहिलो. बायकोनं इथून शाळेत जायला किती वेळ लागेल ते विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग चिखले. तिथं समुद्र होता, सुरूची झाडं होती आणि मुलीला पायात घोटाळणारं एक पिल्लू सापडलं, त्यामुळं तिच्यापुरतं घर पसंत झालं होतं. घरही चांगलं होतं, भिंतींना नुकताच रंग दिलेला. सगळं ठरल्यात जमा असताना मालकीणबाई म्हणाल्या, “शनिवार-रविवार तुम्ही कुठं जाता?”

“कुठंच नाही.”

“नाही म्हणजे, जाल ना? मुंबईची पार्टी असते ना आमच्याकडे. शुक्रवार संध्याकाळपासून. तुमचं सामान एका खोलीत बंद करून ठेवू, काही हात लावत नाहीत ते.” समुद्राकाठी आम्हाला आठवड्यातले पाच दिवस राहता येणार होतं आणि उरलेले दोन, शहराला कंटाळलेली माणसं आमच्या पलंगावर झोपणार होती. मीही कालपर्यंत त्यांच्यातलाच होतो, त्यामुळं रागावायची सोय नव्हती. पिल्लाला सोडताना मुलीनं आख्खा किनारा डोक्यावर घेतला.

तलासरी मला पहिल्यापासून नको होती. हायवे, टायरची दुकानं, गुजरातकडे जाणाऱ्या बसेस आणि दुकानांच्या वर फ्लॅट. फ्लॅट सोडून फ्लॅटमधे यायचं तर मित्रांना काय सांगू? बायको म्हणाली, मित्र राहायला येणार नाहीत. पण त्या रविवारी तिथं एका गेटाबाहेर मला पिवळ्या व्हॅन रांगेनं उभ्या दिसल्या. वर पाटी होती इंग्लिश मीडियमची. मी मनातल्या मनात तलासरीला थोडे जास्त मार्क दिले. शहर सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं असं मी कधी म्हणालो नव्हतो.

“आता गाव बघू,” बायको म्हणाली.

“कुठलं?”

“ठरावात मी राहते ते.”

गावात खोली होती. शाळेपासून जवळच भात आणि नाचणी पिकवणाऱ्या एका जुन्या शेतकरी कुटुंबानं घराला लागून दोन खोल्या मुद्दाम शिक्षकांसाठी बांधल्या होत्या. त्यात आजवर बरेच शिक्षक राहिले होते आणि एकही झोपला नव्हता. प्रत्येकानं किल्ली घेतली, तपासणी आलीच तर दाखवायला एक खाट आणि गादी टाकली आणि डहाणूची इको पकडली. खोल्यांत आता भाताच्या गोण्या होत्या आणि भिंतीवर जुनं कॅलेंडर. घरच्या काकी, सत्तरीच्या आसपासच्या, कमरेला खोचलेल्या लुगड्यात पुढं आल्या आणि किल्ली बायकोच्या हातात देऊ लागल्या.

“गादी कवा टाकताय?” त्यांनी विचारलं.

“गादी नाही, आम्ही राहायला येऊ म्हणतोय. तिघं.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं. एवढा धडधाकट पुरुष भर उन्हाळ्यात शहर सोडून इथं का राहायला येतो, याचा त्या विचार करत असाव्यात. “शेरात काय झालं?” असं त्यांनी हळूच विचारलंही. काही झालं नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. शेवटी त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं.

“आनि हिची शाळा? तलासरीला घालाल. आमची नात जाते थितं. गाडी दारात येते.”

मी तोंड उघडलं होतं. ‘बघू, विचार चालू आहे’ असं सभ्य काहीतरी बोलणार होतो. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्याच वर्गात.”

काकी हसल्या. टिंगल नव्हती त्यात, पण अविश्वास होता. “नाय वो मॅडम. मास्तर लोकांची पोरं या शाळेत कुटं असतात?” माझाही अगदी तोच प्रश्न होता, फक्त मला तो परक्यांसमोर विचारता येत नव्हता.

तो मी तलासरीला बसची वाट बघताना विचारला. मुलगी कुल्फी खात होती. मी म्हणालो, निदान मला विचारायचंस. बायको म्हणाली, “निघू या, निघू या म्हणून माझं डोकं खाल्लंस तेव्हा कुठल्या शाळेचा विचार केला होतास?” मी इंग्रजीचं, पुढच्या स्पर्धेचं, जगाचं काहीबाही बोललो. जगाबद्दल मी बरं बोलतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली की पहिलीत येणारी पोरं इतकी कमी आहेत की वर्ग भरला नाही तर पुढं शाळेचंही काही खरं नाही, आणि गावात ज्यांना व्हॅन परवडते ते सगळे व्हॅनमधे बसवतात. “मी त्यांना काय तोंडानं सांगू, तुमची पोरं माझ्याकडे पाठवा म्हणून? ते विचारतील, तुमची कुठाय?”

ती रडली नाही, पण आवाज बदलला. तिनं ही नोकरी किती वर्षं परीक्षा देऊन मिळवली होती ते मला माहीत होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि मुलीसाठी भीती वाटली, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणालो, एक वर्ष. पहिली तुझ्या वर्गात, दुसरीला बघू. ती म्हणाली, बरं. मी या ‘बघू’चा अर्थ पक्का ठरवून ठेवला होता: पुढच्या वर्षी जूनमधे पिवळी व्हॅन. तिला तो कळला नसेल असं मानायला मी तयार होतो.

मे महिन्यात आम्ही सामान आणलं. गोण्या बाहेर आल्या, आमची पुस्तकं आत गेली. त्यातली निम्मी काकींच्या परवानगीनं त्यांच्या माळ्यावर चढली. मला गावात नाव मिळालं नाही, ‘मॅडमचे मिस्टर’ हीच माझी ओळख झाली आणि ती मला चांगलीच जमली. नेट फक्त शाळेच्या मागच्या बांधावर नीट येतं. तिथं आंब्याखाली खुर्ची टाकून मी मीटिंग करतो. समोरचे लोक ‘व्वा, काय बॅकग्राउंड लावलाय’ म्हणतात. खरा आंबा आहे हे सांगायचा मला आता कंटाळा येतो.

इकोवाल्या शिक्षकांना आमचं राहणं जरा जड गेलं. एक गुरुजी बायकोला कळकळीनं म्हणाले, “मॅडम, खरंच राहायला लागलात की काय? ठराव झालाय ना.” कुणी खरंच राहिलं की बाकीच्यांच्या राहण्याकडे लक्ष जातं, ही त्यांची अडचण रास्त होती. बायकोनं त्यांना जेवायला बोलावलं. ते आले, पोटभर जेवले आणि अंधार पडायच्या आत डहाणूला गेले.

मुलगी मात्र आठवड्यातच गावची झाली. काकींची नात तिच्याच वयाची, सुट्टीत दिवसभर आमच्याकडे. दोघी काय बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. त्यात काकींच्या घरची बोली असते, कुणाकुणाच्या मामाकडची गुजराती असते आणि व्हॅनच्या शाळेतलं ‘मिस, मे आय कम इन’ असतं. आई रोज घरी असते, याची तिला इतकी सवय झाली की भांडायचीच बंद झाली.

शाळा उघडली त्या सकाळी मी ओट्यावर चहा घेत होतो. बायको लवकर गेली होती. मुलगी नव्या दप्तरासकट उड्या मारत होती. शेजारच्या दारातून काकींची नात बाहेर आली. गळ्यात व्हॅनच्या शाळेचा टाय नव्हता. अंगात गावच्या शाळेचा गणवेश होता, नवा, घडीची रेघ मोडलेली नाही. दोघींनी हात धरले आणि पळत सुटल्या.

“काकी, ही इकडं?” मी विचारलं.

“हो. काडली तिला थितून. मुलगा नको बोलत होता, सून नको बोलत होती. मी बोलले, मॅडमची स्वताची पोर हाय थितं म्हंजे शाळा बरी असनार. खालच्या पाड्यावरच्या दोघी पन आल्यात. त्यांना पन मीच सांगितलं.”

मी कप खाली ठेवला. माझ्या डोक्यातली व्हॅन पुढच्या जूनमधे यायची होती. तिच्यात मुलगी चढताना हे सगळे दारांत उभे असणार होते. यांची पोरं त्या वर्गात राहणार होती आणि आमची जाणार होती. चूक कुणाची नव्हती. काकींनी आमची मुलगी पाहिली आणि आपली नात पाठवली.

त्या माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. हातात सूप होतं, त्यात निवडलेली नाचणी.

“लोकं बोलतात, हे शेरातले, वरीसभर हवा खातील नि जातील,” त्या म्हणाल्या. “मी बोलले, नाय जायचे. बरोबर ना? नाय ना जानार?”

शाळेतून प्रार्थनेचा आवाज येऊ लागला होता. त्यात आमच्या मुलीचा आवाज सगळ्यात पुढं होता, तिला चाल येत नसतानाही.

“नाही जाणार,” मी म्हणालो. बायकोला न विचारता.